डाव्या पायाचं काम

आबा, धाकट्यानं नवी गाडी घेतली. परवा दारात उभी केली आणि मला म्हणाला, "आई, हिला क्लचच नाही. डाव्या पायाला कामच नाही, तूसुद्धा चालवशील." मी हसले आणि चहा ठेवायच्या निमित्तानं आत गेले. या वयात, स्वतःच्या घरात, दारात उभ्या असलेल्या गाडीला मी घाबरले. तेव्हापासून तुमच्याशी बोलावंसं वाटतंय. तुम्ही होतात तेव्हा बोलले नाही, आता लिहायला बसलेय आणि पाठवायला पत्ता नाही. माझं सगळं असंच, वरातीमागून घोडं.

बहात्तरच्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर तुमच्या डाव्या पायावर धोंडा आला, तेव्हा मी लहान होते. त्याआधी तुम्ही ट्रक चालवायचात. पाय वाचला, पण गुडघ्याखाली त्यात जोर राहिला नाही. लोकांना वाटायचं, जरा लंगडतोय एवढंच. त्या पायानं क्लच दाबला जात नाही, हे फक्त आपल्या घरात ठाऊक होतं. काही वर्षांनी तालुक्याच्या खरेदी-विक्री संघाच्या चेअरमन साहेबांनी हैदराबादहून ती परदेशी गाडी आणली. कुण्या नवाबाच्या वारसानं विकलेली, लांबलचक, पुढं खाटेसारखं सलग सीट. तिचे गिअर आपोआप पडायचे. साहेबांनी आधी चांगले चांगले ड्रायव्हर बसवून बघितले. पण गाडी थांबवायची म्हटलं की सवयीनं त्यांचा डावा पाय क्लच शोधायचा, आणि तिथं सापडायचा रुंद ब्रेक. गाडी जागच्या जागी गच्च, आणि मागं बसलेल्या साहेबांचं कपाळ पुढच्या सीटवर. तुम्ही बसलात आणि गाडी अशी थांबवलीत की साहेबांच्या हातातल्या पानावरची सुपारी हलली नाही. "ह्याच्या पायात जादू हाय," असं ते सगळ्यांना सांगायचे. तुमचा डावा पाय उठतच नव्हता, हीच ती जादू. घरी येऊन हे तुम्ही सांगितलंत तेव्हा आई पदर तोंडाला लावून किती हसली होती.

दोन-तीन वर्षं बरी गेली, मग तो आपोआप चालणारा गिअरबॉक्स बंद पडला. सोलापूर झालं, हैदराबाद झालं, सुटा भाग कुठं मिळेना. मुरुम गावचा एक मिस्त्री म्हणाला, हे काढूनच टाका, जीपचा गिअरबॉक्स बसवतो, क्लच बसवतो, मधोमध पत्रा कापून गिअरचा दांडा वर काढतो. साहेब खूश झाले. "आता कुणीबी चालवंल," असं तुमच्यासमोरच म्हणाले, आणि तुम्ही "व्हय सायेब" म्हणून घरी आलात. त्या दिवशी आपल्या घरात भीती मुक्कामाला आली. पाऊस पुन्हा नव्हता. माणसं पुन्हा खडी फोडायला जात होती, आणि तुम्हाला तर तेही जमणार नव्हतं. तुम्ही खाटेवर बसून डावा पाय भिंतीला लावायचात आणि रेटायचात. मानेची शीर फुगायची, पाय मात्र नुसता भिंतीला टेकून असायचा. आई भाकरी थापता थापता बघत राहायची आणि तव्यावरची करपायची. मी मुळातच भित्री भागूबाई. विजेला भ्यायचे, मारक्या बैलाला भ्यायचे, आणि प्रत्येक वेळी तुमच्या मागं लपायचे. तुम्हीच घाबरलेले दिसल्यावर मला कळेना, आता लपायचं कुठं.

गाडी तयार झाल्याचा निरोप आला त्या सकाळी तुम्ही म्हणालात, "चल माझ्यासंगं मुरुमला." मी मॅट्रिकला नापास होऊन घरीच शिवणकाम करत होते. आईला वाटलं, ब्लाउजपिसं आणायला नेताय. मिस्त्री तुमच्या हातात किल्ली देऊन जेवायला गेला, तसं तुम्ही मला पुढच्या सीटवर मधोमध, तुम्हाला अगदी चिकटून बसवलंत.

"उजवा पाय लांब कर. त्यो कडंचा पायडल दिसतोय? म्या 'दाब' म्हणलं की दाबायचा, 'सोड' म्हणलं की हळूहळू सोडायचा."

"आबा, मला न्हाय जमायचं. म्या मारीन दोघांनाबी."

"शिवायची मिशन चालवतीस का न्हाय? तसंच हाय."

"मिशन घाट चढत न्हाय, आबा."

एरवी तुम्ही हसला असतात. "आज घरला पोचू दे," एवढंच म्हणालात, "म्होरलं म्होरं बघू."

दाब. सोड. दाब. सोड. गिअरचा दांडा माझ्या गुडघ्याला घासतोय, पोटरीत गोळे येतायत, आणि मी रस्त्याकडं बघतच नाही, फक्त तुमच्या तोंडातून शब्द कधी पडतो तेवढं ऐकतेय. दोन्ही बाजूंची रानं उघडीबोडकी. नळदुर्गच्या स्टँडवर गर्दीत गाडी सावकाश झाली, एका बाईनं आत डोकावून आपल्याला असं चिकटून बसलेलं बघितलं, आणि तिनं काही विचारायच्या आतच तुम्ही म्हणालात, "पोरगी हाय माझी." तुमचा आवाज तेव्हा कसा झाला होता, ते मला सांगता यायचं नाही.

पुढं चढ लागला. समोर कडब्याची गाडी रखडत चाललेली, आणि आपल्या मागं छावणीला निघालेली माणसं, बैल, गाडीत बसलेली पोरं. तुम्ही "सोड" म्हणालात आणि मी पाय एकदम सोडला. गाडीनं गचका खाल्ला आणि इंजिन बंद पडलं. मी घाबरून पाय परत दाबला, होता नव्हता तेवढा जोर लावून. गाडी मागं सरायला लागली. इंजिन बंद पडलं की त्या गाडीचा ब्रेक दगडासारखा कडक व्हायचा, आणि हाताचा ब्रेक तर नावालाच होता. मागून माणसं ओरडताहेत. तुम्ही ओरडताय, "सोड! अगं सोड त्यो पाय!" मला ऐकू येतंय, आबा, पण पाय माझा राहिलेलाच नाही. शेवटी तुम्ही वाकलात आणि माझा घोटा धरून पाय हिसकून काढलात. क्लच सुटला, गिअरनं पकड घेतली आणि गाडी हिसका देऊन थांबली. मागच्या बैलाचं शिंग आपल्या काचेला लागलं होतं.

तुमच्या बोटांचे वळ माझ्या घोट्यावर उठले होते.

"भ्यालीस?"

"न्हाय."

"म्या भ्यालो," तुम्ही म्हणालात.

त्यानंतर गाव येईपर्यंत मला दुसरं काही ऐकू आलं नाही. दाब आणि सोड तेवढं पायाला कळत होतं.

धाराशिवला साहेबांच्या दारात गाडी उभी केलीत, आणि मला वाटलं, सुटलो. पण साहेब बाहेर आले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि मागचं दार उघडून आत बसलेच. "पोरीला फिरवून आणलं व्हय? बसू दे, बसू दे. चला, नाक्यापर्यंत जाऊन येऊ." तुम्ही इंजिन चालू केलंत. मी तुमच्या तोंडाकडं बघत होते, 'दाब' कधी येतंय म्हणून. तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मग किल्ली फिरवलीत, काढलीत आणि न वळताच मागं धरलीत.

"सायेब, ही गाडी म्या न्हाय आणली. पोरीच्या पायानं आली."

साहेब आधी हसले. मग पुढं वाकून आपल्या दोघांच्या पायांकडं बघितलं, आणि त्यांचं हसू गेलं.

माणूस वाईट नव्हता. तुम्हाला त्यांनी संघाच्या गोदामावर राखणीला ठेवलं. पगार निम्म्यावर आला, पण खडी फोडायची वेळ आली नाही. फाटकाशी स्टुलावर बसून तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे आवाज ऐकायचात आणि ड्रायव्हरनं गिअर चुकीचा टाकला की तोंड वाकडं करायचात. पाहुण्यांत कुणी विचारलं तर म्हणायचात, "पोर लई भ्याली व्हती. तिच्यापायी सोडली." त्यात कौतुकच असायचं. आईच्या तोंडी मात्र तेच वाक्य वेगळं लागायचं. हात आखडला की माझ्याकडं बघून म्हणायची, "भित्यापाठी ब्रह्मराक्षस." मी खाली मान घालून मिशन चालवत राहायचे.

आबा, मी भ्याले होते हे खरं आहे. दातावर दात आपटत होते. पण साहेब मागं बसले आणि तुम्ही इंजिन चालू केलंत, तेव्हा तुम्ही 'दाब' म्हणायच्या आधीच मी क्लच दाबून धरला होता. पार तळापर्यंत. नाक्यापर्यंत काय, घाटापर्यंतसुद्धा आले असते मी, आणि दुसऱ्या दिवशी परत भीत भीत बसले असते. तुम्ही फक्त माझ्या तोंडाकडं बघितलंत, आबा. पायाकडं बघायला हवं होतं.