पाळण्यातले बटाटे

नारिन, ७ ऑक्टोबर

लाडक्या नुरायिम,

बिश्केकमध्ये तुम्ही दोघं नवरा-बायको मजेत असाल. इकडे बटाटे काढून झाले. आमचा नवरोबा मिर्लान कुरणावरून घोडी आणायला गेलाय. सासूबाईंचा गुडघा बरा आहे, जीभ त्याहून बरी.

मार्चमध्ये तू आईचा पाळणा पाठवलास आणि मला, थोरल्या बहिणीला, फोनवर म्हणालीस, “एजे, तुझ्या बाळासाठी माझी बीजं घे.” मी फोन आपटला. रिकामा पाळणा हलला तर अपशकुन, म्हणून बटाटे निघताच त्यात भरले. सासूबाई रोज विचारायच्या, “सूनबाई, पोरं झोपली का? सालं काढायचीत.”

आता खरं लिहिते. डाव्या बीजकोशातली गाठ पुन्हा वाढलीय. आत जुनं रक्त साकळलेली, चोविसाव्या वर्षी कापली होती तशीच. तेव्हा गाठीबरोबर बीजकोशाचाही तुकडा गेला. डॉक्टरीणबाई आता कापायला तयार नाहीत. उरलीसुरली बीजंही जातील म्हणतात. बीजं काढायला तीनदा सुया घेतल्या. शेवटच्या खेपेला एकच बीज मिळालं. गर्भ झाला, तिसऱ्या दिवशी वाढायचा थांबला.

परवा सासूबाईंना सगळं सांगितलं, तुझं बोलणंसुद्धा. त्या चहात मीठ घालत म्हणाल्या, “आम्ही सात पिढ्या मोजतो त्या बापाच्या. आईकडच्या कोण मोजतं? आणि तिला तू पाठीवर घेऊन वाढवलंस. तिनं एकदा तुला उचललं तर तिची पाठ मोडेल का?”

तरी लिहायला हात धजत नव्हता. नुरा, पाळीत तू पोट धरून रडायचीस, तेव्हा मीच म्हणायचे, “गप्प बस, सगळ्याच बायका सोसतात.” मलाही तसंच दुखायचं. हा गाठींचा आजार सख्ख्या बहिणींनाही असू शकतो, हे डॉक्टरीणबाईंनी मार्चमध्येच सांगितलं होतं. तुला वाटलं असेल, मी रुसले. मला तुझ्याशी बोलायची लाज वाटत होती.

म्हणून आधी तुझी तपासणी. सोळा तारखेला मी येते, दोघी जाऊ. तुझी बीजं भरपूर निघाली तर मी आनंदानं घेईन. कमी निघाली तर मला एकही नको. ती तुझ्यासाठी जपायची. आणि डॉक्टरांनी विचारलं तर जेवढं दुखतं तेवढं सांग. मी शेजारी बसेन.

आज बटाटे तळघरात नेले. पाळणा पुसून भिंतीशी ठेवलाय. कुणी हलवलेला नाही. दोघींपैकी कुणाच्या घरी लागतो ते पाहू.

तुला गप्प बसवणारी,
तुझी एजे
सायरागुल