सोंडवाला पतंग आणि हिचं नाव

३ मार्च, सकाळ
न्हाणीघराच्या भिंतीवर एक पतंग बसलेला. राखाडी, नखाएवढा, तोंडापुढे सोंडेसारखं टोक. माझ्या कीटकांच्या पुस्तकातल्या एकाही चित्राशी जुळत नाही. म्हणजे नवी जात. मन शांत ठेवायला दोनदा चहा घेतला.

४ मार्च
पतंगाला हिचं नाव द्यायचं. नक्की. ही आठ दिवसांसाठी बहिणीकडे गेली, त्याला अकरा आठवडे झाले. भांडण वगैरे नाही, हवापालट. स्वतःच्या नावाचा पतंग किती बायकांना मिळतो? ऐकून लगेच येईल. हिच्या खोलीतला पसारा आवरायला घेतला. माझाच निघाला.

६ मार्च
फोन केला. मेहुणीने उचलला. पतंग सापडलाय म्हटलं, तर म्हणाली, या वयात पतंग कसले उडवता? ही आंघोळीला गेली होती. मागच्या चारही वेळा आंघोळीलाच होती. स्वच्छतेची आवड पहिल्यापासून.

९ मार्च
पतंग मेला. डबीत कापसावर ठेवून संग्रहालयातल्या कीटकतज्ज्ञ बाईंना दिला. सत्काराच्या भाषणाचं पहिलं वाक्य तयार. फोटोत पोट दिसायला नको, म्हणून व्यायाम. उद्यापासून.

१७ मार्च
बाईंनी बोलावलं. शर्टाला स्वतः इस्त्री केली. खिसा जरा करपला, पण पेन लावलं की दिसत नाही.
जात जुनी निघाली. ऐंशी वर्षांपूर्वीच नोंदलेली, नावासकट. निदान दुर्मीळ तरी असेल, म्हटलं. बाई म्हणाल्या, तसंही नाही, बऱ्याच घरांत असेल. पण अळी काय खाते, किती दिवस जगते, काहीच माहीत नाही. का, विचारलं. कुणी चौकशीच केली नाही, म्हणाल्या.
येताना पायी आलो.

१९ मार्च
हिचा फोन. स्वतःहून. नाव हुकलं ते कसं सांगावं म्हणून घसा साफ करत होतो. तिने विचारलं, शनिवारी साडू शिवणयंत्र न्यायला येतील, घरी आहात ना? तिकडच्या शाळेचे गणवेश शिवते, दोन महिने झाले, म्हणाली. मला ठाऊक नव्हतं. आहे, म्हटलं. घरीच असतो.

२२ मार्च, शनिवार
साडू घाईत होते. चहा नको म्हणाले. यंत्र आम्ही दोघांनी उचललं, जड आहे. होतं तिथली फरशी बाकीच्या फरशीपेक्षा उजळ दिसते. कपाट सरकवलं तर झाकली जाईल. एकट्याने सरकलं नाही.