कुसुमचे कापलेले दोन मार्क

४ ऑगस्ट १९५५, मुलुंड
अकरावीच्या चाचणीचे पेपर वाटले. शहांची मुलगी पहिली, कुसुम सावंत एका मार्काने दुसरी. शास्त्राचा पेपर मी तपासला होता, हेडसरांनी माझ्यानंतर पुन्हा तपासला. माणसाच्या तांबड्या रक्तपेशीत केंद्रक काढलं नाही म्हणून दोन कापले. पुस्तकात आहे म्हणे! अहो, पुस्तकातली आकृती बेडकाच्या रक्ताची. खाली छापलंय 'मनुष्याचे रक्त'. कपाळ माझं.

६ ऑगस्ट
कुसुमचे वडील गिरणीतून थेट शाळेत. "बाई, पयली इली तरच फुडे शिकवतलंय, असा मी तिका सांगितललंय." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

८ ऑगस्ट
हेडसरांशी वाद. म्हटलं, केंद्रक नाही म्हणूनच तर पेशीत प्राणवायू वाहणाऱ्या द्रव्याला जास्त जागा. चकतीसारखी चपटी, मधे खोलगट, म्हणून बारीक वाहिनीतून वाकून जाते. ज्या पेशीचं जे काम तसं तिचं अंग. मेथीच्या मुळाचे केस दाखवले तेव्हाही हेच शिकवलं, आणि कुसुमने वर्गात सूक्ष्मदर्शकातून जे पाहिलं तेच काढलं.
"परीक्षा पुस्तकावर असते, बाई."
"मग डोळे कशाला दिलेत?" (हे जरा जास्त झालं.)
"बरं, दाखवा मलाही."

१० ऑगस्ट
माझ्याच बोटाला सुई टोचली. सर पाच मिनिटं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून. मग म्हणतात काय, "हा काय मधे फिकट ठिपका! केंद्रकच."
तो खळगा आहे हो! खळगा!!

१२ ऑगस्ट
दवाखान्यातून पेशींना चढवायचा रंग मागून आणला. धाकट्या भावाने, नानाने, बेडूक धरून दिला. आईने दोघांनाही घरात घेतलं नाही. दोन काचा शेजारी. बेडकाच्या पेशीत जांभळं केंद्रक ठसठशीत, माझ्या पेशीत काही नाही. सरांनी दोन्ही काचा आलटूनपालटून पाहिल्या. "फरक आहे खरा." मग? "पण छापलंय तेही आहेच. एक मार्क देतो."
एक! म्हणजे अर्धं केंद्रक?

१३ ऑगस्ट
कुसुम आणि शहांची मुलगी, दोघी पहिल्या. कुसुमच्या वडिलांना सांगितलं. "दोघी पयल्या? म्हणजे ही पयली की नाय?" विचार करून सांगतो म्हणाले.
कुसुम दाराशी थांबली. "बाई, बोर्डाच्या परीक्षेला काय काढू?"
जे पाहिलंस ते, म्हणणार होते. पण तिकडे पेपर तपासणारा कोण, त्याच्यापुढे कुठलं पुस्तक...
सोमवारी सांगते म्हटलं.