हनुवटीचा रुमाल

४ फेब्रुवारी

चि. धाकटीस, थोरलीचे आशीर्वाद.

पत्र पोचलं. मला अक्षर लावत वाचावं लागतं, तेव्हा रडगाणं आखूड लिहीत जा. तुझ्या चिंगीचे दात पुढे, हनुवटी मागे. माझंही तेच आहे, मी मेले का? तारा लावायच्या आधी नाक दाखवून या म्हणते, ही कसली दातांची डॉक्टर? उद्या गुडघा दाखवायला सांगेल. पोरीचं तोंड सताड उघडं असतं, तोच रोग. आई माझी हनुवटी रुमालाने बांधायची, तशी झोपताना बांध. वर्गात पेंगते म्हणून तिला त्याच वर्गात ठेवणार, ते मात्र होऊ देऊ नकोस.

लाँड्रीत इस्त्र्या तापल्यात, मीही. लोभ आहेच, दरवेळी विचारू नकोस.

थोरली

१२ फेब्रुवारी

ति. ताईस सा. न. वि. वि.

रुमाल बांधला. चिंगी गुदमरून उठली, रुमाल ओरबाडून काढला आणि मला चावली. दात पुढे असले तरी कामाचे आहेत. दातांची डॉक्टर मलाच ओरडली. नाकामागच्या गाठींनी वाट अडलीय, श्वासाला तोंडाचं एकच दार, तेही तुम्ही लावून घेतलंत, म्हणाली. तोंड उघडं राहिलं की जीभ खाली पडते, वरचा जबडा अरुंद राहतो, खालचा मागे जातो. नाक बंद असताना तारा लावल्या तर दात पुन्हा सरकतील. रात्री नीट झोप नाही म्हणून पोर पेंगते, मठ्ठ नाही. नाकाच्या डॉक्टरने गाठी काढायला सांगितल्यात. मला ऑपरेशनची धडकी भरलीय. ये ना.

लोभ वाढव, रुमाल सुचवू नकोस.

धाकटी

१६ फेब्रुवारी

चि. धाकटीस आशीर्वाद.

येते. मी पोचेपर्यंत ऑपरेशनला नाही म्हणायचं नाही, आणि पोचल्यावर तर नाहीच. मीही रुमाल ओरबाडायचे, आईच्या चापट्या खायचे. चौथीत पेंगायचे म्हणून मास्तरांनी मठ्ठ ठरवून कायमचं घरी धाडलं. रडू नकोस, कागद भिजतो.

थोरली

२० जून

चि. धाकटीस आशीर्वाद.

चिंगी तोंड मिटून झोपते, वरच्या वर्गात गेली, तारा लागल्या, उलट बोलते. सगळं वाचून बरं वाटलं, शेवटचं जास्त.

तिच्या नाकाच्या डॉक्टरने माझंही नाक तपासून हाड वाकडं सांगितलं होतं. सरळ करून घेतलं. हनुवटी आता पुढे यायची नाही म्हणाला. मी म्हटलं, राहू दे, सवय झालीय.

आता रात्री नीट झोप होते, दुपारी डोळा लागत नाही. लाँड्रीत तेव्हा काम नसतं. चिंगीची जुनी पुस्तकं रद्दीत घालू नकोस. चौथीपासूनची पाठव.

लोभ पुस्तकांबरोबर आला तरी चालेल.

थोरली