आई दोनदा

६ जानेवारी, सोमवार

डिक्शनरी म्हणे! बावीस वर्षं मी शब्दकोशाच्या कचेरीत अर्थ तपासतेय, आणि आता कॉम्प्युटरच्या वर्गात हा टाय लावलेला मास्तर आम्हाला डिक्शनरी शिकवणार. डावीकडे नाव, उजवीकडे त्याची माहिती, मध्ये दोन टिंबं — झाली यांची डिक्शनरी! नोंदी किती ते मोजायला 'लेन' लिहायचं. "एकदम सोप्पं, मॅडम." सोप्पंच आहे. म्हणून तर एवढा घसा ताणतोय.

७ जानेवारी

आईचा फोन. पुन्हा न्हाणीघरात पडली. "काही नाही गं, जरा टेकले." टेकली म्हणे!

तिला इकडे आणू या म्हटलं, तर नवरा पेपरातून डोकं न काढता, "चार माणसांचं घर. जागा कुठाय?" त्याच्या कॅरम बोर्डाला मात्र अख्खी मधली खोली! सासूबाईंना म्हटलं, "आई, तुम्ही तरी सांगा ना." त्या मटार सोलत राहिल्या. बहिऱ्या व्हायचं तेवढं बरोबर जमतं.

९ जानेवारी

गृहपाठ — घरातल्या माणसांची डिक्शनरी. नातं आणि वय. मी, नवरा, मुलगी, आई, आई. मोजायला लावलं तर उत्तर चार! पाच लिहिलेत रे मठ्ठा! यंत्रसुद्धा नवऱ्याच्या बाजूचं.

१० जानेवारी

टाय हसला. "एकच नाव दोनदा दिलंत, मॅडम. दुसरी नोंद पहिलीच्या जागी बसते. पहिली गेली."

गेली! आमच्या कोशात एका शब्दाखाली सात-सात अर्थ सुखाने नांदतात. यांच्याकडे दोन आया मावत नाहीत. पडद्यावर नुसतं 'आई : ७६'. ते सासूबाईंचं वय. माझ्या आईचे एकाहत्तर कुठेच नाहीत.

घरातली माणसं म्हटल्यावर मी तिला न विचारताच धरलं होतं — हेही तिथेच कळलं.

जेवताना गंमत म्हणून सांगितलं. नवरा खो खो हसला. "बघ, कॉम्प्युटरलाही कळतं!" मुलगी नाही हसली. सासूबाई ताटावरून उठल्या. लागलं असेल. लागू दे!

११ जानेवारी

सकाळी पाहते तर कॅरम बोर्ड जिन्यात. मधल्या खोलीत सासूबाई खाटेवर चादर घालत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मला त्यात सासू म्हणून लिही. मग येतात ना गं पाच?"