कढत पाण्यातला सदरा

आये, तुला वॉशिंग मशीनबद्दल विचारायचं होतं. हसू नकोस. जिने निम्मं आयुष्य दुसऱ्यांचे कपडे बडवले, तिला जाऊन बावीस वर्षं झाल्यावर हे विचारतेय, पण दुसरं कुणाला विचारू? माझे मालक जाऊन सहा वर्षं झाली. पोराचं मत ठरलेलं आहे, की फ्रंट लोडच घ्यायचं, पुढून गोल काचेचं दार असलेलं. ठरत नाहीये ते माझं. मी अजून तुझ्याच धोपाटण्याने कपडे धुते, तिसऱ्या मजल्यावरच्या बाथरूमच्या लादीवर. खालच्या बाईने सोसायटीत तक्रार केली. सेक्रेटरी दारात येऊन हिंदीत सांगून गेला, की आंटी, रोज सकाळी आमच्या डोक्यावर कुणी कुणाला तरी मारतंय असं वाटतं. मी त्याला चहा पाजला आणि बरं म्हटलं. त्याला काय सांगणार होते? ही बिल्डिंग जिथे उभी आहे तिथून आपलं मिठागर हाकेच्या अंतरावर होतं, आणि तिथे जे मारणं झालं त्याचा आवाज मला कधीच थांबवता आला नाही.

म्हणून गेल्या रविवारी पोराबरोबर दुकानात गेले. विकणारा मुलगा अर्धं मराठी, अर्धं हिंदी बोलणारा, तोंडाने गोड. ड्रम फिरवून दाखवला, दार उघडून-लावून दाखवलं. ताई, एकदा चालू केलं की दार लॉक होतं म्हणाला, मधेच काही टाकायचं नाही, काढायचं नाही. आत हीटर आहे, पाणी साठ डिग्रीपर्यंत तापतं, कसलाही डाग राहत नाही. मी विचारलं, थंड पाण्यावर चालतं का? चालतं, पण डाग गरम पाण्यानेच जातात, असं तो ठासून म्हणाला. मी म्हटलं, सगळे नाही जात. पोराने माझ्याकडे बघितलं, आई प्रत्येक ठिकाणी काहीतरी काढतेच, अशा नजरेने. मी सांगते म्हणून निघून आले. तो रस्ताभर चिडलेला होता. त्याचा राग कुठून आलाय ते मला माहीत आहे. बाच्या नाकावर जो राग असायचा, तोच एक पिढी सोडून याच्या नाकावर येऊन बसलाय. मी त्याला लहानपणापासून सांभाळत आले, समजावत आले, कधी खोटं बोलून झाकत आले. शाळेत एकाचं डोकं फोडलं तेव्हा मी हेडमास्तरांना सांगितलं होतं, की समोरच्याने आधी मारलं.

तो दिवस मी कितीही वर्षं मागे ढकलला तरी तसाच उभा असतो. मी तेरा वर्षांची आहे. बाची भाकरी फडक्यात बांधून बांधावरून चाललेय. खाडीचं पाणी मिठागरात घ्यायचं की नाही, कुणाच्या बाजूने घ्यायचं, यावरून बा आणि काका, म्हणजे बाचा चुलतभाऊ, महिनाभर भांडत होते. काका उघडीशी, खाडीचं पाणी आत घ्यायच्या तोंडाशी वाकून, तिथली फळी बसवत होता. त्याची पाठ बाच्या बाजूला होती. बाच्या हातात फावडं होतं. पहिला घाव बसला तेव्हा काका गुडघ्यावर बसला. दुसरा, तिसरा. मग मला मोजता आलं नाही. फावडं वर गेलं की त्यावरून चिखल पडायचा, आणि पुढे पुढे चिखल लाल पडायला लागला. काकाचं तोंड मिठाच्या पाण्यात होतं आणि हाताची बोटं अजून फळीवर होती. बाने मला बघितलं नाही. मी भाकरी तिथेच टाकून घरी पळाले आणि मोरीत जाऊन ओकले. तू पाठीवर हात ठेवून काय झालं विचारत होतीस, आणि मला शब्द फुटायच्या आत बा दारात आला. त्याच्या सदऱ्याने सगळं सांगून टाकलं.

तू रडली नाहीस. त्याला मोरीत नेऊन आंघोळ घातलीस, गोधडीत निजवलंस, कपाळावर ओला फडका ठेवलास. ताप आलाय, दोन दिवस झाले घरातून हलला नाही, असं मला आणि त्याला दोघांना पढवलंस. तेवढ्यात पलीकडच्या आळीतून काकूचा हंबरडा आला. भावकीत माणूस गेलं की बायकांनी धावत जायचं, रडायचं, ही रीत. गेली नसतीस तर गावाला तेव्हाच कळलं असतं. तू पदर खोचलास, सदरा माझ्या हातात दिलास, “बाय, धुऊन टाक” एवढंच म्हणालीस आणि ज्या बाईला तुझ्या नवऱ्याने विधवा केलं तिच्या गळ्यात पडून रडायला गेलीस. तू खरंच रडलीस असं नंतर सगळ्या सांगायच्या. मला त्याची खात्री आहे.

मी चूल पेटवली. हंडाभर पाणी कढवलं आणि सदरा त्यात बुडवला. रक्ताचा रंग बघता बघता लालाचा तपकिरी झाला आणि कापडात जाऊन बसला. मग साबण लावला, धोपाटण्याने बडवला, पिळला आणि दोरीवर वाळत घातला, सगळ्यांना दिसेल असा, छाती बाहेरच्या बाजूला करून. दुसऱ्या दिवशी, तू काकूकडून परतायच्या आत, पोलीस आले. मला विचारलं, बाप कुठे होता? मी म्हटलं, घरी, ताप होता. शब्दाला शब्द तू पढवल्यासारखं. पण त्यातल्या एकाची नजर दोरीवर गेली.

बाला घेऊन गेले तेव्हा अंगणात सगळी भावकी उभी होती. बाचे दोघे सख्खे भाऊ माझ्याकडे असे बघत होते की मी घरात पळायच्या बेतात होते. तेवढ्यात तू धोपाटणं उचललंस. पाठीवर, मांड्यांवर, डोक्यावर, जिथे लागेल तिथे. मी हात आडवा घातला तर करंगळी मोडली, तो आवाज तुलाही ऐकू आला असणार. तू थांबली नाहीस. ओरडत होतीस, “येडी पोर हाय माजी. कापर कसा धुवाचा तं पन समजत न्हाय तिला.” पुन्हा पुन्हा तेच, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं. शेवटी बाच्या भावांनीच तुला धरलं. मरेल ती, सोड, असं तेच म्हणाले. करंगळी वाकडी जोडली गेली. त्या रविवारी दुकानातल्या मुलाने मशीनचं बटण दाबून बघा म्हटलं तेव्हा मी त्याच हाताने दाबलं, आणि ते दबलं नाही.

बाला सात वर्षांनी सोडलं, तो खोकतच आला आणि दीड वर्षात गेला. तोवर मिठागर गेलं होतं, त्यावर भराव पडला होता, नव्या बिल्डिंगी उठत होत्या. त्यातल्या तीन बिल्डिंगींत तू कपडे-भांडी करायचीस. तुझे हात सोड्याने फाटलेले, रात्री तू त्यांना खोबरेल लावायचीस, आणि मी बघायचं टाळायचे. हे सगळं एका हंडाभर पाण्यामुळे, असं मला वाटायचं, अजून वाटतं. म्हणून मी मशीन घेतलं नाही, आये. ऐपत होती, जागा होती, मालकांनी दोनदा विचारलं होतं. तुझे हात फाटले तर माझेही फाटायला हवेत, एवढाच माझा हिशेब. मूर्खपणा आहे, पण मी तो चाळीस वर्षं मन लावून केलाय.

आता आजचं सांगते. दुपारी एकच्या सुमारास मी चादरी धूत होते. पोरगा आला तो थेट बाथरूमच्या दारात. उत्तनला मित्रांबरोबर गेला होता. शर्टाच्या पुढच्या भागावर, बाह्यांवर रक्त, आणि माशांचा वास. मला वाटलं त्यालाच लागलंय, मी ओल्या हातांनी त्याला चाचपायला लागले. त्याने हात झटकला. रक्त त्याचं नव्हतं. डोंगरीच्या वळणावर एका म्हाताऱ्याच्या स्कूटरचा धक्का त्याच्या बाइकला लागला होता. मागे मासळीचे डबे बांधलेला म्हातारा. शब्दाने शब्द वाढला, म्हाताऱ्याने आईवरून शिवी दिली, आणि याने हेल्मेटने मारलं. मित्राचा फोन आला होता, की लोकांनी म्हाताऱ्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, जिवंत होता, कण्हत होता. गाडीचा नंबर कुणी घेतलेला नाही.

मी विचारलं, कितीदा मारलंस? माहीत नाही म्हणाला. तोंड धुवायला नळाकडे वळला. मी त्याचा दंड धरला.

“समोरून मारलंस का मागून?”

त्याने नळ उघडला आणि पुन्हा बंद केला. मग म्हणाला, “डबा पडला होता त्याचा. तो उचलायला वाकला होता.”

मी धोपाटणं उचललं. तुझ्याच जागी उभी होते, तशीच पकड, तसाच खांदा. दोन वेळा त्याच्या पाठीवर मारलं, जीव खाऊन. साडेपाच फुटांचा सव्वीस वर्षांचा पोरगा, एका हाताने मला भिंतीला चिकटवू शकला असता. तो हलला नाही. तिसऱ्यांदा हात वर गेला तेव्हा लक्षात आलं, की मला बरं वाटतंय. तेव्हा मी घाबरले आणि धोपाटणं खाली ठेवलं. त्याने शर्ट काढून माझ्या हातात दिला. रडत नव्हता, पण आवाज लहानपणीचा होता.

“आई, धुऊन टाक ना. तू धुतलंस की काही राहत नाही.”

मी त्याला सांगितलं, अंघोळ कर आणि जेव. चार वाजता मामा येईल, मग आपण तिघं चौकीत जाऊ. मामा म्हणजे तुझा धाकटा, जो तेव्हा पाळण्यात होता आणि ज्याला यातलं काहीच आठवत नाही. पोरगा म्हणाला, तू माझी आई आहेस की कोण आहेस? मी म्हटलं, आई आहे म्हणूनच येतेय बरोबर. मग तो खूप बोलला. ते लिहीत नाही, तुला ऐकवलं नसतं. आता आत पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलाय, ताट तसंच आहे. चार वाजायला अजून तासभर आहे, आणि मी स्वयंपाकघरात बसून तुला हे लिहितेय.

कारण मघाशी शर्ट हातात असताना मला एक कळलं, जे चाळीस वर्षांत कळलं नव्हतं. बाच्या त्या दिवसाच्या दोन महिने आधी मी पहिल्यांदा बाजूला बसले होते. तूच मला मागच्या मोरीवर नेऊन शिकवलंस. “रगताला ऊन पानी न्हाय लावाचा, बाय. थंड पानी नि मीठ. ऊन लावलास तं जनमभर न्हाय निंगनार.” दोन महिन्यांत विसरेन अशी पोर मी नव्हते, आणि हे तुझ्याइतकं कुणाला माहीत होतं? मी चुकले नव्हते, आये. मला माहीत होतं. काकाची बोटं फळीवर होती, आणि मला तोंडाने बोलायचं बळ नव्हतं, म्हणून मी पाणी कढवलं. तुलाही ते दोरीकडे बघताक्षणी कळलं असणार. म्हणून तू मला येडी म्हणालीस, सगळ्या भावकीसमोर, बाच्या भावांना ऐकू जाईल असं. मला मारून तू त्यांच्या हातून वाचवलंस, आणि पुढे अठरा वर्षं फाटक्या हातांनी गप्प राहिलीस. मी मनात तुझा राग धरला, करंगळीसाठी. मला माफ कर म्हणायला उशीर झालाय, तरी म्हणते. तू मला वाचवलंस आणि मी माझ्या पोराला वाचवत नाहीये, हे तुला कसं वाटेल ते मला माहीत नाही. पण हेडमास्तरांसमोर वाचवला होता ना एकदा. त्याचं काय झालं ते डोंगरीच्या वळणावर पडलंय.

मशीन घेणार आहे. तेच, पुढच्या दाराचं. दुकानात फोन करून सांगितलंसुद्धा. एकटीच्या कपड्यांना एवढं मशीन कशाला, असं कुणी विचारलं तर सांगेन, पोरगा कधीतरी परत येईल. धोपाटणं मात्र आता या घरात नको. मोडून टाकीन म्हणते, पण लाकूड चांगलं आहे, मोडेल असं वाटत नाही.

हे कागद कुठे पाठवायचे नाहीत, पिठाच्या डब्याखाली ठेवीन. फक्त एक राहिलं. पोराने शर्ट हातात दिला तेव्हा मी लगेच त्याला चौकीचं सांगितलं, असं वर लिहिलंय. तसं झालं नाही. आधी मी बादली भरली, थंड पाण्याची. स्वयंपाकघरातून खडेमीठ आणलं, दोन मुठी टाकलं, हाताने ढवळलं. शर्ट आत सोडायला लागले. मग काय झालं कुणास ठाऊक, उचलून घेतला. पाणी मोरीत ओतलं, शर्ट जसा होता तसा पिशवीत घातला. ती पिशवी आता माझ्या मांडीवर आहे. डावी बाही तेवढी पाण्यात गेली होती. ती स्वच्छ निघालीय.