शुमकारची शिकवणी

४ सप्टेंबर. सकाळी.
आजपासून शुमकारचं ट्रेनिंग. जात ताईगान, शिकारी कुत्रा, वय अकरा महिने. महिन्याभराने कोचकोर गावच्या मैदानावर शिकारी कुत्र्यांची स्पर्धा. एकतीस वर्षं भूगोल शिकवला, हा एक विद्यार्थी काय जड जाणार? पद्धत ठरली : एका कामाला एकच शब्द. पहिला शब्द : बस.

५ सप्टेंबर.
बसला नाही. का बसायचं ते समजावलं. वीस मिनिटं लक्ष देऊन ऐकलं, मग झोपला. बुरुलचा म्हणाली, मुलांचंही असंच व्हायचं. बायकोला शिक्षणशास्त्रातलं कळत नाही.

११ सप्टेंबर.
घसा बसला. कुत्रा नाही.

१९ सप्टेंबर.
बसला! मी तोंड उघडायच्या आतच. बुरुलचा हल्ली रोज दुपारी त्याला नदीवर नेते. मोकळ्या हवेचा थोडा फायदा होत असेल. बाकी पद्धत माझी.

२७ सप्टेंबर.
शुमकार आता सांगितलं की थांबतो, हाकेला येतो. शेजारच्या दोरोनबेक मेंढपाळाला दोन युक्त्या सांगितल्या. तो खाली मान घालून हसला. शाळा अर्ध्यात सोडलेला माणूस, लाजला बिचारा.

६ ऑक्टोबर. स्पर्धेहून आल्यावर.
कुत्र्यांनी पाठलाग करावा म्हणून घोडेस्वार कोल्ह्याचं कातडं ओढत निघाला. मी म्हणालो, धाव. शुमकार उभाच. धावण्याचं महत्त्व सांगितलं. लोक हसायला लागले. तेवढ्यात गर्दीतून दोरोनबेकने जिभेने नुसतं 'टक्' केलं आणि माझा शुमकार बाणासारखा सुटला. दुसरा आला. आणि कौतुक करून घ्यायला गेला कुणाकडे? दोरोनबेककडे.
घरी बुरुलचाला विचारलं. तिने नजरही चुकवली नाही.
"नदीवर नव्हते नेत. दोरोनबेककडे सोडत होते. स्पर्धेत तुमची फजिती झाली असती, ती मला बघवली नसती हो."
तीन आठवडे! बायको, शेजारी आणि कुत्रा. तिघं मिळून.

७ ऑक्टोबर.
कुणाशी बोललो नाही. कुमीसचा, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा, वाडगाही परत पाठवला. बुरुलचाने तो स्वतः संपवला.

८ ऑक्टोबर. संध्याकाळी.
अबोला चालू. अंगणात गप्प बसून होतो. शुमकार आपणहून आला, गुडघ्यावर हनुवटी टेकली. मी हात नुसता वर केला, तो उठला. खाली केला, बसला. माझ्या हाताच्या खुणेवर! माझे डोळे भरून आले. त्याला प्रेमाने सांगायला घेतलं, विश्वासघात कशाला म्हणतात ते. दुसऱ्या मुद्द्याला तो उठला आणि कुंपण ओलांडून दोरोनबेककडे गेला.